युरिया आणि भाताचा मऊपणा: हप्ते कसे द्यायचे

इंद्रायणी लावलीय आणि भात मऊ, चिकटच हवाय ना, मग युरिया कधी टाकताय ते आधी बघा. युरियातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं, त्यातही पोटरीच्या (लोंबी खोडात फुगून बाहेर पडायच्या बेतात असते तेव्हाच्या) आसपास किंवा नंतर दिलं, की दाण्यात प्रोटीन वाढतं आणि ते स्टार्चच्या कणांभोवती बसून पाणी आत शिरू देत नाही, कण नीट फुगत नाहीत, भात जरा कडक नि मोकळा होतो. बऱ्याचदा अमायलोजही (स्टार्चचा भात मोकळा करणारा भाग) थोडं कमी होतं, म्हणजे खरंतर भात चिकट व्हायला हवा, पण प्रोटीन तिथे आडवं येतं.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र साधारण २०.७ किलो, हिशोब त्यावर करा, गोण्या मोजून नाही. निम्मं लावणीला, उरलेलं फुटव्यांना आणि लोंबी खोडात धरायच्या सुरुवातीला, म्हणजे पोटरीच्या आधी, मग बास. पीक पिवळं दिसतंय म्हणून शेवटी मूठभर फेकायची सवय सोडा. फार कमीही नको, उतारा जातो.

फरक बघायचाय? एका प्लॉटला असे हप्ते, दुसऱ्याला नेहमीसारखा युरिया द्या, मग दोन्ही प्लॉटचे तांदूळ सारखेच दिवस ठेवा, पाणी तेवढंच, कुकर एकच. नवा-जुना तांदूळ मिसळलात तर काहीच कळणार नाही.