सिट्रोनेला तेल आणलंय खरं, पण वापरायचं कसं?

पावसाळा आला की मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन सगळीकडे डास पळवणारं सिट्रोनेला दिसायला लागतं, स्प्रे, मेणबत्त्या, रोल-ऑन, पॅच, काय वाट्टेल ते. बऱ्याच जणांचं असं होतं की छोटी बाटली आणली, दोन दिवस वास घेतला आणि मग ती देवघराच्या खणात जाऊन पडली. मुळात ह्या तेलाचं एक समजून घ्या, वास आहे तोवरच ते काम करतं आणि वास लवकर उडतो. डास मरत नाहीत, त्यांना आपल्या अंगाचा वास नीट लागत नाही एवढंच. त्यामुळे तासाभरात परत लावायची तयारी असेल तरच ह्याच्या नादी लागा.

आधी बाटली नीट बघा

सिट्रोनेला म्हणजे आपला गवती चहा नव्हे. दोघं एकाच कुळातले, दिसायलाही सारखे, पण गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्राल असतो, आणि सिट्रोनेलात सिट्रोनेलाल, जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल. सिट्रोनेलाचं गवत बुंध्याशी लालसर असतं आणि ते चहात टाकायचं नसतं. खानदेशातलं रोशा गवत, ज्याचं तेल काढतात, तेही ह्याच घराण्यातलं. बाजारात दोन प्रकार मिळतात, जावा आणि सिलोन. जावा प्रकारात सिट्रोनेलालचं प्रमाण बरंच जास्त असतं, साधारण एक तृतीयांश, म्हणून लेबलवर सिंबोपोगॉन विंटेरियानस, म्हणजे ह्या जावा प्रकाराचं शास्त्रीय नाव, असं लिहिलेलं असेल तर चांगलं. नुसतं 'सिट्रोनेला फ्रेग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर ते सेंट आहे, ठेवून द्या.

भेसळ ओळखायची घरगुती युक्ती: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि रात्रभर ठेवा, शुद्ध तेल बहुतेक उडून जातं, तेलकट डाग राहिला तर आत दुसरं कुठलं तरी तेल मिसळलंय. पक्की टेस्ट नाही ही, पण डोळ्याला दिसते.

अंगाला लावायचं मिश्रण

हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच लोक घाई करतात. नुसतं तेल कधीच थेट अंगावर नको, जळजळ होते, पुरळ येते. एक छोटी सुकी बाटली घ्या, तिच्यात 50 मिली खोबरेल तेल घाला, त्यात 20 थेंब सिट्रोनेला. साधारण 20 थेंब म्हणजे 1 मिली, म्हणजे हे 2 टक्के झालं. थंडीत खोबरेल गोठतं आणि मग सगळ्या बाटलीचा ठोकळा होतो, तेव्हा तिळाचं तेल वापरा. मोठ्या माणसांना सोसलं तर थेंब 40 पर्यंत न्यायला हरकत नाही, त्याहून जास्त करून संरक्षण तेवढ्या पटीत वाढत नाही, त्वचा मात्र कुरकुर करते.

लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून 24 तास बघा. खाज, लालसरपणा, काहीही वाटलं तर विषय संपला. लावताना हात, पाय, घोटे आणि मानेची मागची बाजू, घोटे खास करून, कारण संध्याकाळी कट्ट्यावर बसलं की डास आधी तिथेच येतात. डोळे, ओठ, जखम सोडून. लहान बाळांना लावू नका, गरोदर बाईने आणि दम्याच्या माणसाने आधी डॉक्टरांना विचारा.

स्प्रे

तेल पाण्यात मिसळत नाही, वर तरंगतं, त्यामुळे 'पाण्यात दहा थेंब टाका' असं कुणी सांगितलं तर ते नळीतून नुसतं पाणीच मारतंय असं समजा. आधी मेडिकलमधून आणलेल्या 40 मिली सर्जिकल स्पिरिटमध्ये 40 थेंब तेल घालून नीट हलवा, मग 60 मिली पाणी. दुधट होईल, होऊ दे. दर वेळी हलवून मारा. हा पडदे, पायपुसणं, गॅलरीचा कोपरा ह्यांच्यासाठी, अंगावर मारू नका. पडद्याच्या एका टोकाला आधी थोडं मारून बघा डाग पडतो का, आणि समई, गॅस, उदबत्ती चालू असताना अजिबात नको, स्पिरिट आणि तेल दोन्ही पेट घेतात.

लादी पुसायच्या बादलीत टाकायचं असेल तर आधी चमचाभर लिक्विड सोपमध्ये दहा-बारा थेंब घोटून घ्या आणि मग पाण्यात घाला. वास छान येतो. डास कमी होतात असं मी म्हणणार नाही, पण पावसाळ्यात घराला येणारा दमट वास मात्र निघून जातो, आणि मला खरं सांगायचं तर त्यासाठीच हे तेल जास्त आवडतं. कपाटात कापसाच्या बोळ्यावर तीन-चार थेंब टाकून वाटीत ठेवा, कपड्यांना थेट लागू देऊ नका. डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत वास पसरवणाऱ्या उपकरणात, चार-पाच थेंब, अर्धा तास, खिडकी उघडी ठेवून.

हे करू नका

डास पळवायच्या मशीनच्या जुन्या रिफिलमध्ये कापूर, रॉकेल आणि सिट्रोनेला भरायचे व्हिडिओ फिरत असतात. ती बाटली आणि ती गरम होणारी वात दुसऱ्याच लिक्विडसाठी बनवलेली असते, त्यात पेट घेणारी तेलं घालून रात्रभर लावून झोपणं म्हणजे उगाच जीवाशी खेळ.

मेणबत्त्यांवरही फार भरवसा नको. वाऱ्यात वास भलतीकडे जातो आणि तुम्ही बसलेल्या बाजूला डास तसेच. त्यापेक्षा टेबल फॅन पायाकडे लावा, डासांना जोराच्या वाऱ्यात नीट उडताच येत नाही. नर्सरीत 'मॉस्किटो प्लांट' म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा सिट्रोनेला नसून जिरॅनियमचं झाड असतं, दिसायला गोड आहे, कुंडीत ठेवा, पण नुसतं ठेवून डास जात नाहीत.

डेंगीसाठी फक्त ह्यावर विसंबून राहू नका. तो डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अमेरिकेत सिट्रोनेला 1948 पासून डास पळवण्यासाठी नोंदवलेलं आहे, त्याआधी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्यातही वापरायचे, म्हणजे गुण आहेच, पण साथीच्या दिवसांत शाळेत, ऑफिसला जाताना डीट किंवा पिकारिडिन ह्या डास पळवणाऱ्या रसायनांचं क्रीम जास्त वेळ टिकतं. घरात आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, कूलर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, गच्चीवरचे टायर सगळं रिकामं करून घासा.

ठेवायचं कुठे

गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट, उन्हापासून आणि गॅसपासून लांब. हवा आणि ऊन लागून तेल जुनं झालं की वास बदलतो आणि तेच तेल त्वचेला जास्त त्रास देतं, असं तेल लादीलाच वापरा. पोरांच्या हाताला लागू देऊ नका, कुणी चुकून प्यायलंच तर ओकारी काढायला लावू नका, बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठा. आणि घरात मांजर असेल तर डिफ्यूझर, स्प्रे दोन्ही जपून, असली तेलं त्यांच्या शरीराला नीट पचत नाहीत, मांजर त्या खोलीत असेल तर निदान तिला बाहेर जायला दार उघडं ठेवा.