लॅब घरी आणताय? आधी खायला कोण घालणार ते ठरवा

ओळखीत कुणी ना कुणी विचारतंच की आम्ही लॅब, म्हणजे लॅब्राडॉर कुत्रा, आणतोय, काय काय लागेल, आणि डोक्यात पट्टा, बेड, खेळणी अशी यादी तयार असते. मी सगळ्यांना एकच सांगते, आधी घरातल्यांना एकत्र बसवा आणि त्याला खायला कोण घालणार ते ठरवा. एकच माणूस, ठरलेली वेळ, ठरलेलं माप. बाकीच्या बऱ्याच गोष्टी लॅब सांभाळून घेतो, पण पोट भरलं की थांबायचं हे त्याला कळत नाही.

आमचा बाळू तीन वर्षांचा असताना ४१ किलोचा झाला होता. नर लॅब साधारण २९ ते ३६ किलोचा असावा. खरं सांगते, घरात कुणीच मुद्दाम जास्त घालत नव्हतं, सकाळ-संध्याकाळ माझं मोजून व्हायचं, पण दुपारी सासूबाईंच्या पानातली तुपाची पोळी, मुलं शाळेतून आली की बिस्किटं, रात्री ह्यांच्या ऑम्लेटचा तुकडा, आणि प्रत्येकाला वाटायचं की मी तर एवढंसंच दिलं. मग एक दिवस तो जिन्याच्या चौथ्या पायरीवर उभाच राहिला, वर येईना. डॉक्टरांनी मागचे पाय दाबून बघितले, एक्स-रे काढला आणि म्हणाले खुब्यावर ताण येतोय, औषध नंतर, आधी सहा-सात किलो उतरवा. लॅबमध्ये खुब्याचा आणि कोपराचा त्रास मुळातच जास्त असतो, त्यात हे ओझं.

आणि तो ‘उपाशी आहे हो बिचारा’ वाला चेहरा! २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांचा जीव खाण्यात जास्त अडकतो. म्हणजे ती भूक खोटी नाही हो, त्याला खरंच तसं वाटतं, म्हणूनच त्याच्या वतीने ‘बास’ आपल्याला म्हणावं लागतं. ३० किलोच्या लॅबला दिवसाला १२००-१३०० कॅलरी बहुतेक वेळा पुरतात, आणि तूप लावलेल्या तीन पोळ्यांतच त्याचा पाव हिस्सा संपतो.

वजन घरच्या घरी कसं ओळखायचं ते सांगते. आपला हात सपाट, पालथा धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं मागच्या हाडांवरून फिरवा, पातळ कातडीखाली हाडं लागतात ना, त्याच्या बरगड्या तशाच लागायला हव्यात. मूठ वळल्यावर जशी टोकं वर येतात तशा लागल्या तर तो बारीक आहे, आणि तळहाताच्या मऊ बाजूसारखं लागलं, हाड शोधावं लागलं, तर लठ्ठ. वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर १४ वर्षं एक अभ्यास चालला होता, त्यात ज्यांना पंचवीस टक्के कमी खायला दिलं ते जवळपास दोन वर्षं जास्त जगले. दोन वर्षं!

आम्ही काय केलं तर वाटी सोडली आणि किचनचा वजनकाटा घेतला, कारण वाटी कुणी सपाट भरतं कुणी शीग लावून. दिवसाचं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढायचं, ट्रेनिंगचे तुकडेही त्याच डब्यातले, डबा रिकामा म्हणजे दिवस संपला. सासूबाईंना अजिबात द्यायचं नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं, त्यांचं प्रेमच ते, म्हणून त्यांना काकडी आणि गाजर दिलं. बाळूला पोळी काय नि काकडी काय, आजीच्या हातचं असलं की झालं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण मात्र बिलकुल नाही, आणि माणसांची तापाची गोळी तर कधीच नाही.

स्वभावाचं म्हणाल तर हे मूळचे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे कुत्रे, थंडगार पाण्यातून मासे नि जाळी ओढून आणणारे, नंतर ब्रिटनमध्ये ही जात घडली. म्हणून तोंडात काहीतरी धरायचं हे त्याच्या रक्तातच आहे, चपला पळवतो ते खोडी म्हणून नाही. मागे धावू नका, त्याला तो खेळच वाटतो, त्याच्या आवडीचं दुसरं काही पुढे करा, आपोआप सोडेल. दोन वर्षांचा होईपर्यंत तो अंगाने मोठा आणि मनाने पिल्लूच असतो, रांगतं बाळ घरात असेल तर दोघांना एकटं सोडू नका, चावण्याची भीती कमी, धक्क्याने पाडण्याची जास्त. राखणीसाठी आणत असाल तर नका आणू, हा चोरापुढेही शेपूट हलवेल. आणि दिवसभर फ्लॅटला कुलूप असेल तरी नका आणू, त्याला माणसं लागतात.

ते थंडीचं दुहेरी केस असलेलं अंग आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये फार तापतं. फिरणं सकाळी सातच्या आत, संध्याकाळी ऊन पूर्ण उतरल्यावर, आणि निघताना रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा, आपल्याला सोसत नसेल तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही. उन्हाळा म्हणून केस भादरू नका, रोज विंचरा. पावसाळ्यात भिजला की पोटाखाली, बोटांच्या मध्ये, कानात कोरडं पुसा, लोंबत्या कानांत ओल राहिली की वास येतो आणि तो डोकं झटकत बसतो. गोचीड रोज बघायचं, कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात आधी, कारण गोचिडाचा ताप जिवावर बेततो. लसींचं वेळापत्रक डॉक्टर देतील, सगळे डोस होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली सोडू नका, पार्वो हा विषाणूचा आजार फार वाईट. फरशी गुळगुळीत असेल तर जिथे तो वळतो तिथे सतरंजी टाका, घसरण्याने सांधे जातात.

बाळू आता ३३वर आहे, सात महिने लागले. दर महिन्याला दवाखान्यात काट्यावर आपणहून चढून बसतो, कारण उतरलं की तिथल्या मावशी एक बिस्किट देतात. ते बिस्किट आम्ही त्या दिवशीच्या डब्यातून वजा करतो.