ॲक्वापोनिक्सचा वाळूचा फिल्टर तुंबला? वाळू बदलू नका, नीट धुवा

इंदूरमध्ये गच्चीवर ॲक्वापोनिक्स करणाऱ्यांना, म्हणजे एकाच फिरत्या पाण्यावर मासे आणि पालक वाढवणाऱ्यांना, फिल्टर तुंबला की एकच सल्ला मिळतो: रेती बदलून टाका. कृपा करून बदलू नका. माशांच्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या कणांवरच वस्ती करून असतात. वाळू फेकली की तेही गेले, आणि नवी वस्ती बसेपर्यंत कित्येक आठवडे मासे धोक्यात. वाळू खराब होत नाही, ती नीट धुतली जात नाही एवढंच.

आधी दुखणं ओळखा. वर पाणी साचलंय आणि बाहेर बारीक धार येतेय, तर वरची दोन बोटं वाळू खरवडा. धार लगेच वाढली तर फक्त वरचा थर जमलाय. नाही वाढली तर खोलवर गाळ बसलाय किंवा तळाची भोकांची नळी बुजलीय. पाणी भराभर उतरतं पण गढूळच येतं, तर त्याने भिंतीलगत किंवा मधूनच वाट पाडलीय.

वाळू काळी पडून सडक्या अंड्यांचा वास येत असेल तर आत प्राणवायू संपलाय. अशा वेळी माशांकडे जाणारी नळी काढल्याशिवाय वाळूला हात लावायचा नाही. तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा, अगदी थोडा टाकीत गेला तरी मासे मरतात. तासन्‌तास वीज गेली असेल तेव्हाही हेच: पंप सुरू झाल्यावर पहिलं पाणी बाहेर सोडा.

तळाच्या नळीला मच्छरदाणी किंवा कापड गुंडाळा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कापडावर बुळबुळीत थर चढतो, ते बुजतं आणि तिथवर हात पोचत नाही. नळीवर गिट्टीच हवी: खाली १५-२० मिमी, त्यावर ५-१० मिमी, मग २-४ मिमीची जाड रेती आणि सर्वांत वर ०.५ ते १ मिमीची वाळू. आपल्याकडची काळी गिट्टी चालते. वाळूवर मात्र व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तीत चुना आहे, ती पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) वाढवत राहील.

आता धुणं. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, मीही बराच काळ इथेच अडलो होतो. खालून उलटं पाणी सोडायचं हे सगळ्यांना माहीत असतं. किती वेगाने, हे कोणी सांगत नाही. या जाडीची वाळू उचलायची तर पाणी तिच्यातून मिनिटाला साधारण अर्धा मीटर वर चढलं पाहिजे. २०० लिटरच्या बॅरलचा व्यास सत्तावन्न सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला सव्वाशे लिटर पाणी लागणार. टाकीतला छोटा पंप हे कधीच करू शकत नाही. पंपाच्या खोक्यावरचा आकडाही पाणी वर न चढवता मोजलेला असतो. अशा पंपाने एका जागी वाळू उकळल्यासारखी दिसते, वर थोडा गाळ येतो आणि बाकीचा थर ढिम्म बसून असतो. आपण समजतो, धुतलं.

म्हणून नवा फिल्टर करायचा असेल तर ३५ सेंटिमीटर व्यासाचा अरुंद ड्रम घ्या. त्याला मिनिटाला पन्नासेक लिटर पुरतात. वर वाळू फुगायला एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा.

मोठा बॅरल आधीच असेल तर खालून पाणी चालू ठेवून वरून अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी होजला जोडून वाळूत खुपसा. वाळूच्या खोलीइतक्या अंतरावर नळीला चिकटपट्टी लावा. पट्टीच्या खाली गेलात तर गिट्टी ढवळून वाळूत मिसळेल आणि सगळा थर उपसावा लागेल. भिंतीपासून सुरुवात करून मध्याकडे या. गाळाने बांधलेल्या वाळूच्या गोळ्या लागतील, त्या बोटांनी दाबून फोडा. खालचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. एकदम उघडला तर आत अडकलेली हवा गिट्टीला वर ढकलते.

धुवायला नळाचं ताजं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. नर्मदेचं पाणी एकाआड एक दिवस येणाऱ्या वसाहतींत तर क्लोरीन उडून जावा म्हणून एक ड्रम भरून उघड्यावर ठेवायची सवयच लावा. निघालेला गाळ कुंड्यांना घाला, जास्वंदीला फार मानवतो.

धुतल्यावर पहिली काही मिनिटं पाणी बाहेर सोडा. त्या दिवशी माशांना खाणं निम्मं.

फिल्टर पुन्हा लवकर तुंबला तर वाळूला दोष देऊ नका. तिच्याआधी विष्ठा तळाशी बसवणारी बादली नसेल, तर ती आधी बसवा.