अपॉझिटिव्ह: इंग्रजी वाक्यात नावाला ओळख कशी जोडावी

दोन छोटी वाक्यं घ्या: 'जॉर्ज विटेट वॉज अ स्कॉटिश आर्किटेक्ट. ही डिझाइन्ड द गेटवे ऑफ इंडिया.' पहिल्यातला 'वॉज' काढा, उरलेली ओळख नावाला खेटून ठेवा आणि तिच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या: 'जॉर्ज विटेट, अ स्कॉटिश आर्किटेक्ट, डिझाइन्ड द गेटवे ऑफ इंडिया.' मधला तुकडा म्हणजे अपॉझिटिव्ह. तो बोटाने झाकून वाचा. उरलेलं वाक्य धडपणे उभं राहिलं पाहिजे.

आपल्याकडे सर्वांत जास्त विसरला जातो तो दुसरा स्वल्पविराम. मराठीत ओळख बहुधा नावाआधी येते, 'फलंदाज सुनील गावसकर', आणि तिथे विरामचिन्हाची गरजच पडत नाही. इंग्रजीतही हाच क्रम ठेवला तर स्वल्पविराम नको: 'द बॅटर सुनील गावसकर वॉज बॉर्न इन मुंबई.' क्रम उलटला, की मात्र दोन्ही हवेत: 'सुनील गावसकर, द बॅटर, वॉज बॉर्न इन मुंबई.' एकच देऊन थांबणं म्हणजे कंस उघडून बंद न करणं. ओळख वाक्याच्या शेवटी आली, तर दुसऱ्याची जागा पूर्णविराम घेतो.

स्वल्पविरामाने अर्थही बदलतो. 'माय ब्रदर अमोल लिव्ह्ज इन ठाणे' म्हटलं, तर भाऊ अनेक असावेत आणि त्यांतला अमोल ठाण्यात. 'माय ब्रदर, अमोल, लिव्ह्ज इन ठाणे' म्हटलं, तर भाऊ एकच. बोलीभाषेच्या धाटणीच्या लिखाणात हा नियम सैल पाळतात, पण अर्जात किंवा परीक्षेत काटेकोर राहा.

'व्हिच इज' किंवा 'हू इज' दिसलं, की खोडून बघा. 'सीएसएमटी, व्हिच इज अ वर्ल्ड हेरिटेज साइट सिन्स २००४' यात काळही चुकलाय. 'सिन्स'सोबत 'हॅज बीन' लागतं. 'सीएसएमटी, अ वर्ल्ड हेरिटेज साइट सिन्स २००४,' असं लिहिलं, की क्रियापदच उरत नाही आणि चूकही जाते. 'अ' किंवा 'द' मात्र गाळू नका. ते मथळ्यांत चालतं, निबंधात नाही.

ओळख वाक्याच्या सुरुवातीला आणायची असेल, तर लगेच पुढे तिचाच माणूस यायला हवा. 'अ स्कॉटिश आर्किटेक्ट, द गेटवे ऑफ इंडिया वॉज डिझाइन्ड बाय विटेट' या वाक्यात गेटवेच आर्किटेक्ट झाला! क्रियापदही मूळ नामाशीच जुळतं: 'द डबेवालाज, अ फमिलियर साइट अ‍ॅट चर्चगेट, कॅरी लंचबॉक्सेस.' इथे 'कॅरीज' नाही.

यादीत अपॉझिटिव्ह घातला, की घोळ होतो. 'आय मेट माय आंट, अ डॉक्टर, अँड टू नर्सेस': माणसं तीन की चार? आत्याच डॉक्टर असेल, तर तिथे स्वल्पविरामांऐवजी डॅश वापरा: 'माय आंट — अ डॉक्टर — अँड टू नर्सेस'.