ओएससीईच्या स्टेशनवर गुण कुठे मिळतात, कुठे जातात

लाँग केसमध्ये, म्हणजे एकच रुग्ण सविस्तर तपासून परीक्षकापुढे मांडायच्या मेडिकलच्या जुन्या परीक्षेत, नशिबाचा भाग मोठा असतो. एकाच्या वाट्याला ठसठशीत मर्मर (हृदयाचा जादा आवाज) असलेला, प्रश्नांना नीट उत्तरं देणारा रुग्ण येतो, तर दुसऱ्याच्या वाट्याला तीन वॉर्ड फिरून कंटाळलेला, बोलायलाच तयार नसलेला. परीक्षकही वेगळे असतात. हा फरक कमी करण्यासाठी स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डेन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) ही स्टेशनास्टेशनावर ठरलेल्या यादीप्रमाणे कौशल्य तपासण्याची पद्धत मांडली. आपल्याकडे १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या फिजिओलॉजी विभागाने प्रयोगशाळेच्या प्रॅक्टिकलसाठी तिचं रूप, म्हणजे ओएसपीई (यातला ‘पी’ प्रॅक्टिकलचा), वापरलं. २०१९ पासून एमबीबीएसचा क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाल्यावर पहिल्या वर्षापासूनच या परीक्षेशी गाठ पडते: कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेत, वॉर्डातलं पोस्टिंग संपताना आणि लॉगबुकमधली (कौशल्यांच्या नोंदवहीतली) कौशल्यं प्रमाणित करून घेताना.

मांडणी सोपी असते. हॉलमध्ये स्टेशनं ओळीने लावलेली असतात आणि जितकी स्टेशनं तितके विद्यार्थी एका फेरीत उभे राहतात. बेल वाजली की सगळे एकदम पुढच्या स्टेशनवर सरकतात. आपल्या कॉलेजांत एका स्टेशनला साधारण ५ मिनिटं देतात, म्हणजे १२ स्टेशनांची फेरी तासाभरात होते. काही स्टेशनांवर परीक्षक यादी घेऊन बसलेला असतो. काहींवर फक्त ईसीजी, एक्स-रे किंवा स्लाइड आणि कागद असतो. एखादं विश्रांतीचं असतं. तिथे मागच्या चुकीचा हिशेब मांडत बसू नका, कारण बेलनंतर मागे जाता येत नाही आणि पुढच्या परीक्षकाला ती चूक माहीतही नसते.

परीक्षकाच्या हातात यादी असते आणि तो त्या यादीप्रमाणेच गुण देतो. रक्तदाबाच्या १० गुणांच्या स्टेशनची यादी साधारण अशी असते:

– नाव सांगणं, काय करणार ते समजावणं, संमती घेणं: १
– रुग्ण ५ मिनिटं शांत बसला आहे का, नुकताच चहा किंवा तंबाखू घेतली आहे का, हे विचारणं: १
– योग्य मापाचा कफ (दंडाला गुंडाळायचा, फुगवायचा पट्टा) उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या खोबणीच्या २–३ सेंमी वर: २
– हाताला आधार, दंड हृदयाच्या पातळीला: १
– आधी नाडी चाचपून सिस्टोलिक (वरचा) दाब काढणं: २
– स्टेथोस्कोप लावून त्या आकड्याच्या ३० मिमी वर फुगवणं, सेकंदाला २–३ मिमी या वेगाने उतरवणं: २
– आकडा सांगणं, लिहिणं, कफ काढून आभार मानणं: १

यात आकड्याला स्वतंत्र गुण जवळजवळ नाहीतच. तरीही बहुतेक विद्यार्थी धावत येऊन कफ गुंडाळतात, थेट स्टेथोस्कोप लावतात आणि बरोबर आकडा सांगून निम्मे गुण घालवतात. नाडी चाचपण्याची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि तिला दोन गुण असण्यामागे कारण आहे. काही रुग्णांत, विशेषतः उच्च रक्तदाबाच्या, स्टेथोस्कोपमधले आवाज मध्येच नाहीसे होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. नाडी न चाचपता कफ त्या आवाज नसलेल्या टप्प्यापर्यंतच फुगवला, तर सिस्टोलिक दाब खऱ्यापेक्षा कमी मोजला जातो.

दुसरी चूक म्हणजे ऐकायचं चुकलं म्हणून अर्ध्यावरच कफ पुन्हा फुगवणं. हातात रक्त तुंबतं आणि आकडा बिघडतो. कफ पूर्ण रिकामा करा, मिनिटभर थांबा, मग पुन्हा घ्या, आणि थांबण्याचं कारण मोठ्याने सांगा. आणि आवाज ऐकू आले नाहीत म्हणून १२०/८० ठोकून देऊ नका. काही परीक्षक दोघांना एकाच वेळी ऐकू येणारा स्टेथोस्कोप लावतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की हीच सवय उद्या वॉर्डातल्या केसपेपरवर उतरते.

जे मनात करता ते तोंडाने बोला. हात निर्जंतुक केलेत, पण परीक्षक त्या क्षणी आधीच्या विद्यार्थ्याची बेरीज करत होता, तर यादीत त्याची खूण पडत नाही. इंजेक्शनच्या स्टेशनवर शेवटचे गुण कचरा योग्य डब्यात टाकण्याचे असतात आणि सुई टोचून झाल्यावर तेच विसरले जातात. सुई पुन्हा टोपणात घालू नका, ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, आरपार टोचली न जाणाऱ्या डब्यात टाका. हातमोजे लाल पिशवीत, रक्त लागलेला कापूस पिवळ्या, काचेचं अँप्यूल निळ्या डब्यात.

संवादाच्या स्टेशनवर हुशार विद्यार्थीही अडखळतात. समजा, समोर जुलाब होणाऱ्या दीड वर्षाच्या मुलाची आई आहे आणि ओआरएस समजावायचं आहे. ‘डिहायड्रेशन’, ‘स्टूल फ्रीक्वेन्सी’ म्हणालात की गुण गेले. ‘अंगातलं पाणी कमी होतं’ म्हणा, ‘दिवसातून किती वेळा शी होते?’ असं विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यात, प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, थोडं थोडं, चमच्याने, २४ तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. झिंक रोज २० मिग्रॅ, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. धोक्याची लक्षणं सांगा. मग विचारा, ‘ताई, आता घरी गेल्यावर कसं बनवाल, ते मला सांगा बरं.’ या वाक्याला यादीत बहुधा स्वतंत्र गुण असतात. ‘समजलं ना?’ या प्रश्नाला नसतात, कारण त्यावर कोणीही मान हलवतं.

कागदी स्टेशनवर ‘दोन कारणं लिहा’ असेल तर दोनच लिहा. पाच लिहिलीत तरी बरेच परीक्षक पहिली दोनच तपासतात.

आता पास-नापास. यादीचा एक दोष आहे: नीट विचार न करता सगळ्या पायऱ्या पाठ करून उरकणाऱ्यालाही ती गुण देते. म्हणून अनेक ठिकाणी परीक्षक एकूण शेराही देतो: नापास, काठावर, पास, चांगला. ब्रिटनमध्ये बहुधा या शेऱ्यांवरूनच पासाची रेषा ठरते. सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण आणि शेरे आलेखावर मांडून ‘काठावर’ या शेऱ्यापाशी किती गुण येतात ते काढतात. अवघड स्टेशनची रेषा त्यामुळे आपोआप खाली येते. आम्हाला हे ठरावीक टक्केवारीपेक्षा न्याय्य वाटतं. मँचेस्टरला प्लॅबच्या (परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेच्या) दुसऱ्या टप्प्यासाठी जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: तिथे स्टेशन ८ मिनिटांचं असतं, आत जाण्याआधी दीड मिनिट वाचायला मिळतं, आणि रुग्णाशी कसं वागलात याला वेगळे गुण असतात.

इथल्या लॉगबुकमध्ये पद्धत आणखी वेगळी आहे. प्रत्येक कौशल्यासमोर अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं किंवा अपेक्षेहून सरस असा शेरा येतो, आणि पूर्ण, पुन्हा करा किंवा उपचारात्मक सराव असा निर्णय. ‘पुन्हा करा’ आलं तर लगेच करून सही घ्या. शिवाय थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी नसेल तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसायलाच मिळत नाही.

सरावाला तिघं जण हवेत: एक विद्यार्थी, एक रुग्ण, एक परीक्षक. परीक्षकाने स्टेशनची यादी स्वतः लिहून काढायची. पायऱ्या खऱ्या पाठ होतात त्या लिहिणाऱ्याच्याच. वेळ ५ ऐवजी ४ मिनिटं लावा आणि भूमिका बदलत राहा. हे पोस्टिंग चालू असतानाच करा, कारण परीक्षेच्या आठवड्यात स्किल लॅबमधल्या मॅनिकिनपुढे (सरावाच्या पुतळ्यापुढे) रांग लागते.