शंभर येनचं दुकान आणि सांगलीचं न्हाणीघर : या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी आत्या पंधरा दिवस माझ्याकडे तोक्योला आली होती. फुजी बघितला, असाकुसाचं देऊळ बघितलं, पण तिचा जीव अडकला तो आमच्या स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानात. जाताना बॅगेतलं निम्मं सामान तिथलंच होतं. महिन्याभराने सांगलीहून फोन आला, "अगं, ते साबणाचं चुंबकवालं स्टँड भिंतीला चिकटतच नाही बघ. फसवलं की काय तुझ्या जपान्यांनी?"

फसवलं कुणीच नव्हतं. जपानी घरांत 'युनिट बाथ' असतं, म्हणजे कारखान्यात बनून येणारं अख्खं न्हाणीघर. त्यातल्या बऱ्याच न्हाणीघरांच्या भिंतींत गुळगुळीत थराखाली पत्रा असतो, म्हणून तिथे शांपूच्या बाटलीपासून बादलीपर्यंत सगळं चुंबकावर लटकतं. आत्याच्या भिंतीला टाइल्स. तिथे चुंबक काय करणार?

या दुकानांतल्या खरेदीत फसायची मुख्य जागा हीच. वस्तू स्वस्त असते, बहुतेक वेळा चांगलीही असते, पण ती जपानी घराच्या मापाने बेतलेली असते. आपण भाव बघतो आणि माप विसरतो.

सगळंच शंभरला मिळतं असं समजणं

इथले लोक या दुकानांना लाडाने 'ह्याक्कीन' म्हणतात. दाइसो हे त्यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाव. या कंपनीचे संस्थापक हिरोताके यानो यांनी १९७२मध्ये धंदा सुरू केला तो ट्रकमधून घरगुती वस्तू विकण्याचा. शेकडो वस्तूंना वेगवेगळी किंमत चिकटवायला वेळ पुरेना, म्हणून सरसकट शंभर येन. तेव्हाचं ते खरं होतं. आता दाइसोत दोनशे, तीनशे, पाचशे आणि त्याहून महागही वस्तू त्याच फळीवर शेजारी शेजारी असतात. किंमत वेष्टनावर छापलेली असते. काहीच छापलेलं नसेल तर ती शंभरची. आत्याने बारा वस्तू घेतल्या आणि मनात १,३२० येनचा हिशेब धरला. बिल आलं २,४२०. तीन वस्तू तीनशेच्या होत्या आणि एक पाचशेची. 'सगळं एकाच भावात' हवं असेल तर सेरिया या दुसऱ्या साखळीच्या दुकानात जा, तिथे अजूनही तो नेम पाळतात.

शंभरच्या वस्तूचे ११० का द्यायचे, तर २०१९च्या ऑक्टोबरपासून विक्रीकर १० टक्के आहे. खाण्याच्या वस्तूंना ८ टक्के, म्हणून बिस्किटाचा पुडा १०८ला पडतो. किमतीच्या पाटीवर बरेचदा मोठ्या आकड्यात कर सोडून किंमत असते आणि खाली बारीक आकड्यात करासकट. बारीक आकडा वाचायची सवय लावा.

आणि हे ११० येन म्हणजे आजच्या भावाने साठ-पासष्ट रुपये. प्लास्टिकचे डबे, घासण्या, कपड्यांचे चिमटे, हेअरक्लिप हे तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटात त्याहून स्वस्त मिळतं, वर घासाघीसही करता येते. इथे भाव करायचा नसतो. साध्या प्लास्टिकसाठी विमानातल्या किलोंची उधळपट्टी मी तरी करणार नाही.

माप न घेता घेणं

चुंबकाचं सांगितलं. दुसरी हमखास फसगत म्हणजे सिंकच्या जाळ्या. जपानी सिंकच्या तोंडात खोल टोपली असते, तिच्यावर ही ताणली जाणारी पातळ जाळी चढवायची, खरकटं साठलं की उचलून टाकायची. फार सोयीचं प्रकरण. आपल्याकडच्या सिंकला बहुतेक ठिकाणी नुसती चपटी चाळणी असते. जाळी चढवायला टोपलीच नाही.

मोजायचा कप घेताना त्यावरचे आकडे बघा. जपानी पाककृतीतला एक कप २०० मिलिलिटरचा, तांदळाचा कप तर १८०चाच. आपल्याकडच्या केकच्या कृती २४० किंवा २५०चा कप धरून लिहिलेल्या असतात. माझा पहिला केक असाच बसला आणि मी आठवडाभर ओव्हनला शिव्या घालत होते.

वह्यांच्या वेडातल्या लोकांसाठी एक सूचना. इथला बी-५ कागद १८२ बाय २५७ मिलिमीटरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बी-५हून थोडा मोठा. सुट्या पानांच्या वहीला कडेने २६ भोकं असतात. वही मोहात पाडते, पण पानं संपल्यावर तसली पानं कोल्हापुरात शोधत बसाल. घ्यायचीच तर पानांचे चार-पाच जादा गठ्ठे सोबत घ्या.

उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी घरातल्या कप्प्यांची आतली लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे उंची फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानात मोजायची टेप शंभर येनलाच मिळते.

विजेच्या वस्तूला नुसती पिन बदलून लावणं

ही मात्र गमतीची चूक नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, भारतात २३०ची. एका स्वस्त दुकानातून घेतलेला रात्रीचा छोटा दिवा माझ्या काकांनी दोन चपट्या पिनांना गल्लीतल्या दुकानातलं जोडपिन लावून भिंतीत खोचला. फट्‌ आवाज, काळा डाग आणि जळक्या प्लास्टिकचा वास. जोडपिन फक्त पिनांचा आकार बदलतं, व्होल्टेज नाही. आणि तापणाऱ्या वस्तूंचं गणित आणखी वाईट आहे : व्होल्टेज २.३ पट झालं की उष्णता पाच पटीहून जास्त होते. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, पाण्याची किटली, सोल्डरिंगचं पेन, यांच्या नादी लागू नका. वस्तूवर किंवा खोक्यावर '१००-२४०' असा पल्ला छापलेला असेल तरच घ्या. यूएसबीवर किंवा सेलवर चालणाऱ्या वस्तूंना हा प्रश्न नाही.

रीत न कळल्यामुळे वस्तूला नावं ठेवणं

'तेनुगुई' म्हणजे सुती पातळ पंचा, साधारण हातभर रुंद आणि दोन हात लांब. डिझाइनं इतकी देखणी की भेट द्यायला उत्तम. पण दोन्ही टोकांना शिवण नसते, दोन-तीन धुण्यांत दोरे सुटायला लागतात आणि ज्याला दिलं तो म्हणतो, "खराब निघालं." ती पद्धतच आहे, शिवण नसली की तिथे पाणी साठत नाही, कापड लवकर वाळतं. सुटलेले दोरे ओढू नका, कात्रीने कापा. थोडं सुटून ते आपोआप थांबतं. उलटून मात्र जरूर बघा. जुन्या रीतीने रंगवलेल्या तेनुगुईत नक्षी दोन्ही बाजूंनी तेवढीच गडद असते. शंभर येनच्या बहुतेक एका बाजूने छापलेल्या असतात. छापील वाईट नाही, फक्त ती खास हस्तकला म्हणून कुणाच्या गळ्यात मारू नका.

पांढरा मेलामाइन स्पंज नुसत्या पाण्याने डाग काढतो, साबणही लागत नाही. जादू वाटते, पण तो खरं तर अतिशय बारीक पॉलिश-पेपर आहे. चहाच्या कपाचे डाग, पांढऱ्या बुटांच्या कडा यांवर बिनधास्त वापरा. नॉनस्टिक तवा, चष्मा, गाडीचा रंग, चकचकीत प्लास्टिक यांना लावू नका. कपाटाचं चकाकणारं दार मी असंच कायमचं मंद करून ठेवलं आहे.

बेंतो, म्हणजे जपानी जेवणाचे डबे, हा आणखी एक मोह. ते कोरड्या भाताच्या जेवणासाठी बनलेले. आमटी भरून लोकलने जायचं असेल तर झाकणाच्या आत रबराची कडी आहे का आणि चारही बाजूंना खटके आहेत का ते बघा. पांढरा घेतलात तर पहिल्याच दिवशी हळदीने पिवळा होईल. लाल-काळे, लाकडी वाटणारे वाडगे बहुतेक प्लास्टिकचे असतात. मायक्रोवेव्ह चालतो असं छापलेलं नसेल तर त्यात ठेवू नका.

खाऊ घेताना तारीख उलटी वाचणं

इथे तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितात. पाकिटावर २६.०३.०५ असेल तर ती ५ मार्च २०२६. आत्याने २६ मार्च २००५ असं वाचलं आणि वीस वर्षांचा जुना माल विकतात म्हणून दुकानातच माझ्याकडे तक्रार केली, सुदैवाने मराठीत.

शाकाहारी असाल तर फक्त चित्रावर जाऊ नका. फळांच्या च्युई गोळ्यांत जिलेटिन असतं, भातावर भुरभुरायच्या चटणीत माशाचा कीस, आणि खारट वाटणाऱ्या साध्या वेफर्समध्येही कोंबडीचा अर्क निघतो. फोनचा कॅमेरा लेबलावर धरून भाषांतर करा. दोन मिनिटं जातात, पण घरी आजीला उत्तर द्यावं लागत नाही.

डोंकीत घड्याळ न बघता शिरणं

डोन किहोते, बोलीत 'डोंकी', ही स्वस्त दुकानांची साखळी म्हणजे वेगळंच प्रकरण. पहिलं दुकान १९८९मध्ये तोक्योतल्या फुचूला निघालं. छतापर्यंत ठासून माल भरायचा, वाटा अरुंद ठेवायच्या आणि गिऱ्हाइकाला खजिना शोधायला लावायचं ही त्यांची ठरवलेली पद्धत आहे. तिथे सगळंच स्वस्त नसतं. स्वस्त वस्तूच्या शेजारी पूर्ण भावाची वस्तू उभी असते. यादी हातात धरून आणि घड्याळावर नजर ठेवून जा. पर्यटकांना ५,००० येनवरच्या खरेदीला करमाफी मिळते, पासपोर्ट जवळ लागतो. १ नोव्हेंबर २०२६पासून मात्र आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत मिळवायचा अशी पद्धत आहे. माझ्यासारख्या इथे राहून नोकरी करणाऱ्यांना ही सवलत नाही, त्यामुळे "तुझ्या नावावर घे ना" असं म्हणू नका.

"नंतर घेऊ" म्हणणं

वर इतका सावधपणा सांगितला, आता उलट सांगते. आवडलेली आणि घराशी काही देणंघेणं नसलेली छोटी वस्तू दिसली तर तेव्हाच घ्या. साकुराची, म्हणजे चेरीच्या फुलांची, नक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि फुलं गळायच्या आत फळीवरून जाते.

माझी आवडती म्हणजे 'मामेझारा', शब्दशः कडधान्याच्या दाण्याएवढी बशी. तळहातावर मावते. जेवायच्या ताटात लोणचं, मेतकूट, मिठाची चिमूट यांना याहून सुंदर जागा नाही. मागे उलटून बघा : 'निहोनसेई' म्हणजे जपानमध्ये बनलेली. त्यातलं पहिलं चिन्ह मधोमध आडवी दांडी असलेल्या उभ्या खिडकीसारखं दिसतं. गिफू प्रांतात तोकी, ताजिमी या गावांत पिढ्यान्‌पिढ्या भांडी भाजतात, तिथला माल शंभर येनलाही सापडतो. निळ्या फटकाऱ्याचा मासा काढलेल्या सहा बश्या मी आत्याला दिल्या होत्या. इथे संच बहुतेक पाचचा असतो, कारण विषम आकडा शुभ मानतात, आणि चारच्या उच्चारात तर मरण ऐकू येतं. पण सांगलीला पाचाचं काय करणार, म्हणून एक सुटी जोडली.

त्या बश्या रोज वापरात आहेत. चुंबकाचं स्टँड तिने फ्रिजच्या दाराला लावलंय, त्यात आता गॅसची पावती आणि पेन असतं. आणि परवा तिचा फोटो आला : स्वयंपाकघरातली ट्रॉली उघडी, आत शाळेची फूटपट्टी उभी धरलेली. खाली लिहिलं होतं, "आतून साडेनऊ सेंटिमीटर. नऊचे खोके मिळतील का गं?"