वाक्याच्या शेवटी आवाज कुठे जातो?

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझं काम समन्वयाचं होतं. ग्राहकाकडून मागणी घ्यायची, गोदामाला कळवायचं, गाडी कधी निघेल ते परत ग्राहकाला सांगायचं. एका संध्याकाळी मी गोदामप्रमुखांना व्हॉइस मेसेज पाठवला. दुसऱ्या ऑर्डरचे खोके उद्याच्या गाडीत भरायचे नाहीत, असा. दुसऱ्या दिवशी ते खोके गाडीत चढले आणि ग्राहकाच्या दारात जाऊन उतरले. नमुना मंजूर झालेला नसताना.

मी ठामपणे म्हणाले, "मी नको म्हणून सांगितलं होतं." आमच्या साहेबांनी वाद घातला नाही. तोच मेसेज स्पीकरवर लावला आणि मला ऐकवला. मी "भरायचे नाहीत" म्हटलं होतं, पण बोलण्याच्या ओघात त्याचं "भरायचे नैत" झालं होतं. शेवटी आवाज इतका खाली गेला होता, की ते सरळ "भरायचेत" ऐकू येत होतं. गोदामातल्या आवाजात उभ्या माणसाला दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

त्या दिवसापासून मी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायला लागले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी आजही सगळ्यात आधी हेच करायला सांगते. बोलण्याच्या तंत्रावरची व्याख्यानं नंतर ऐका. आधी स्वतःला ऐका.

पहिल्यांदा ऐकाल तेव्हा नको वाटेल. "हा माझा आवाज?" असं प्रत्येकाला होतं आणि त्याला कारण आहे. आपण बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, हवेतून आणि कवटीच्या हाडांतून. हाडांतून खालच्या पट्टीचे सूर चांगले पोचतात, म्हणून स्वतःच्या कानाला आपला आवाज भरदार लागतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला आवाज उतरतो, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. पण बाकी सगळं जग तुम्हाला तसंच ऐकत आलंय आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलेलं नाही. आठवडाभर रोज दोन मिनिटं ऐका, परकेपणा जातो. तो जाईपर्यंत आवाज चांगला की वाईट हा निर्णय करू नका, कारण पोत बदलणं हे आपलं काम नाही. समोरच्याला कळतंय की नाही, एवढंच पाहायचं आहे.

मग खरा अभ्यास. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या. वाचून दाखवलेलं नको, कामाचं काहीतरी एखाद्याला समजावून सांगतानाचं घ्या. आणि ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. "म्हणजे", "ॲक्च्युअली", "तर मग", अर्धवट सोडलेली वाक्यं, सगळं. मला पहिल्या मिनिटाला जवळजवळ अर्धा तास लागला होता आणि त्या एका मिनिटात "म्हणजे" अकरा वेळा होतं. हे काम मशीनकडून करून घेऊ नका. बोललेल्याचा मजकूर करून देणारी साधनं असली तुटकी जागा बहुधा गाळून, गुळगुळीत करून देतात, आणि आपल्याला नेमकी तीच पाहायची असते. हाताने लिहिताना जिथे मागे जाऊन दोनदा ऐकावं लागतं, तिथे खूण करा. स्वतःचेच शब्द तुम्हाला दोनदा ऐकावे लागत असतील, तर समोरच्याला ते एकदाच ऐकायला मिळाले होते.

माझ्या खुणा जवळपास सगळ्या एकाच जागी पडल्या. वाक्याच्या शेवटी.

या जागेवर थोडं थांबायला हवं, कारण मराठी बोलणाऱ्याची खरी अडचण इथे आहे. वाक्य पुढे सरकतं तसा छातीतला श्वास संपत येतो, आवाजाची पट्टी आणि जोर दोन्ही उतरतात. हे कुठल्याही भाषेत होतं. पण आपलं क्रियापद शेवटी येतं, आणि नकार त्याच्याही मागे. पाठवू नका, मिळणार नाही, चालत नव्हतं, करायला नको. म्हणजे ज्या शब्दावर सगळ्या वाक्याचा अर्थ फिरतो, तो शब्द सगळ्यात कमी श्वासावर बोलला जातो. इंग्रजीवर बेतलेल्या बोलण्याच्या मार्गदर्शनात मला हे कधी सांगितलं गेलं नाही. तिथे नकार वाक्याच्या मध्येच येऊन जातो.

यावर मी दोन उपाय केले. पहिला श्वासाचा. वाक्य लांबलं की मध्ये थांबून श्वास घ्यायचा आणि शेवटच्या दोन शब्दांसाठी तो राखून ठेवायचा. रेकॉर्डिंग लावून फक्त वाक्यांचे शेवट ऐकत बसायचं. महिनाभरात फरक कळतो. दुसरा उपाय वाक्याच्या बांधणीचा आणि तो मला जास्त खात्रीचा वाटतो. नकार शेवटी टांगून ठेवायचाच नाही. "दुसऱ्या ऑर्डरचे खोके उद्याच्या गाडीत भरायचे नाहीत" याऐवजी "दुसरी ऑर्डर थांबवा. उद्याच्या गाडीत फक्त पहिली." इथे शेवट गळला तरी उलटा अर्थ निघत नाही.

एका शब्दाचा अर्थ दोघांनी वेगळा घेतला तर काय होऊ शकतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण विमानवाहतुकीतलं आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर, दाट धुक्यात, दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. कारणं अनेक होती, पण त्यात बोलण्याचा मोठा वाटा होता. त्यातल्या एका विमानाच्या वैमानिकाच्या वाक्यातून आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत असाही अर्थ निघत होता आणि उड्डाण सुरू केलंय असाही. त्यातच विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्याचा "थांबा" हा निरोप आणि दुसऱ्या विमानाचा निरोप एकाच क्षणी आले, आणि त्या वैमानिकाच्या कॉकपिटमध्ये नुसती शिट्टी ऐकू आली. त्यानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, अशी शिस्त आली. मिळालेली सूचना जशीच्या तशी उलट म्हणून दाखवण्यावरही भर वाढला. आपल्या कामात जीव जात नाहीत, पण सवय तीच हवी. सूचना दिली की मी म्हणते, "मी काय सांगितलं ते मला एकदा परत सांगाल का? माझ्याकडून काही राहिलं नाही ना, तेवढंच बघते." या शेवटच्या वाक्यामुळे समोरच्याला परीक्षा घेतल्यासारखं वाटत नाही. "समजलं ना?" असं मात्र कधी विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं.

आता आकडे. मराठी आकडे कानाला गोड आहेत आणि फोनवर धोक्याचे. बासष्ट आणि बाहत्तर, त्रेपन्न आणि त्र्याण्णव हे घाईत सहज एकमेकांच्या जागी बसतात. "एकोणसाठ"मधला "एकोण" हरवला की उरतं साठ. "पावणेतीन"मधलं "पावणे" निसटलं की समोरचा पंधरा मिनिटं उशिरा येतो. शिवाय आपण एकक आधी आणि दशक नंतर बोलतो. त्रेसष्ट ऐकता ऐकता लिहिणारा माणूस हातघाईवर आला की 36 लिहून मोकळा होतो. म्हणून मी आकडा दोनदा सांगते, एकदा पूर्ण आणि एकदा सुटा करून. "त्रेसष्ट. सहा, तीन." वेळ सांगताना "पावणेतीन, म्हणजे दोन पंचेचाळीस."

रोमन अक्षरांचे कोड सांगायचे असतील तर आणखी जपा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही या सगळ्यांच्या शेवटी तीच ई. वैमानिकांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला 1956 पासून जगभर वापरात आहे, ती नेमकी याचसाठी. पाठ करायला एक दुपार पुरते. समोरच्याला ती येत नसली तरी "डी, डेल्टामधला डी" म्हटलं की कळतं.

फोन आवाजाचं काय करतो हेही माहीत असावं. जुन्या पद्धतीच्या फोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं) एवढाच पट्टा पलीकडे जातो. माणसाच्या आवाजाचा मूळ सूर बहुतेक वेळा 300 च्या खाली असतो, पुरुषांचा शंभराच्या आसपास, बायकांचा दोनशेच्या. तो फोनवरून जातच नाही. कान वरच्या सुरांवरून त्याचा अंदाज बांधतो. आणि 'स', 'श', 'फ' यांची जी फुसफुस असते, तिचा बराचसा भाग 3400 च्या वर असतो, तोही कापला जातो. नव्या जोडण्यांवर हा पट्टा 7000 पर्यंत किंवा त्याहून वर जातो, म्हणून त्यावर आवाज मोकळा वाटतो. पण पलीकडे कुठला फोन आहे ते आपल्याला दिसत नसतं. नावं सांगताना 'स' आणि 'फ' सावकाश, शक्य तर दुसऱ्या शब्दाचा आधार देऊन सांगावेत.

वेगाबद्दल एक सावधगिरी. मिनिटाला इतके शब्द बोला, असे जे आकडे सांगितले जातात ते बहुधा इंग्रजीचे असतात. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "कार्यालयाबाहेरच्यांसाठीसुद्धा" हा एकच शब्द! म्हणून स्वतःचा आकडा स्वतःच काढा. कागदावर उतरवलेल्या त्या मिनिटातले शब्द मोजा, मग ज्या रेकॉर्डिंगला ऐकणारे "कळलं" म्हणाले त्यातले मोजा. माझा वेग 140 च्या पुढे गेला की शेवट गळायला लागतात, 115 च्या आसपास नीट राहतात. तुमचं वेगळं असेल.

रेकॉर्डिंगच्या सामानावर सुरुवातीला खर्च करू नका, फोनचा माइक पुरतो. अंतर मात्र सांभाळा. तोंडापासून वीतभर, आणि माइक अगदी समोर न धरता थोडा बाजूला, म्हणजे प, फ, ब, भ यांची हवा त्याच्यावर आदळत नाही. अंतर दुप्पट केलं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलने उतरतो, पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो. लांबून केलेलं रेकॉर्डिंग विहिरीत बोलल्यासारखं लागतं ते यामुळे. पडदे, गाद्या, कपडे असलेली छोटी खोली रिकाम्या मोठ्या खोलीपेक्षा केव्हाही बरी. आणि आवाजाची पातळी लाल रेषेला लागू देऊ नका. तिथे फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज उतरवून परत ऐकवणारं यंत्र, बनवला आणि पुढच्या वर्षी त्याच्या संभाव्य उपयोगांची यादी छापली. तिच्यात पहिला क्रमांक पत्रलेखनाचा आणि मजकूर सांगून उतरवून घेण्याचा होता. तिसरा होता वक्तृत्व शिकवण्याचा. संगीत चौथं. म्हणजे आपण व्हॉइस मेसेज पाठवतो आणि स्वतःला ऐकून सुधारतो, तेव्हा या यंत्राच्या अगदी मूळच्या कामाला हात घालत असतो. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

तरी व्हॉइस मेसेज पाठवताना ऐकणाऱ्याचा विचार करावा. लिहिलेल्यावरून नजर फिरवता येते, आवाज मात्र सुरुवातीपासून ऐकावा लागतो. म्हणून पहिल्याच वाक्यात कशाबद्दल आहे आणि काय हवंय ते यावं. "दुसऱ्या ऑर्डरच्या नमुन्याबद्दल बोलतेय, मला दुपारी चारपर्यंत हो किंवा नाही हवंय." एक मिनिटाच्या आत संपवा. आकडे, तारखा, पत्ते सोबत लिहूनही पाठवा, ते कोणी मेसेजमध्ये शोधत बसू नये. वाईट बातमी असेल तर मेसेज नको, फोन करा.

आणि गोंगाटात उभं राहून मेसेज करू नका. भोवती आवाज असला की माणूस नकळत स्वर चढवतो. लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1911 मध्ये हे मांडलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. पण शांत खोलीत बसून ऐकणाऱ्याला तो चढलेला स्वर रागाचा वाटतो. माझ्या एका सहकारी ताईंनी दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलणं ठेवलं होतं, ते अशाच एका मेसेजमुळे. मी चिडलेली नव्हते, फक्त वर्दळीत उभी होते.

ऑनलाइन बैठकीत दोघं एकदम बोलतात, मग दोघंही थांबतात, हे तुम्ही पाहिलं असेल. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. दहा भाषांच्या एका तुलनेत हेच दिसलं होतं. आवाज जाळ्यातून पोचायला जाताना दीडशे आणि येताना दीडशे लागले, तर ती लय मोडणारच. एक श्वास थांबून बोला, आणि प्रश्न विचारताना नाव आधी घ्या.

दुसऱ्या कुणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, आणि होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच येऊ द्या. नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, कंपनीचेही वेगळे असतात, ते रुजू होतानाच विचारून घ्या. सरावासाठी मी फक्त माझ्या बाजूचा आवाज घेते. ग्राहकाचं काही आलंच तर ऐकून झाल्यावर लगेच पुसून टाकते.

इतक्या वर्षांनंतरही दिवसातला चौथा-पाचवा कॉल आला की माझ्या वाक्यांचे शेवट खाली जातात, रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट कळतं. म्हणून ज्या फोनवर आकडे किंवा नकार सांगायचा असतो, ते मी सकाळीच, उभं राहून करते.